चौक आणि उंबरा : ‘रीत’ कोण ठरवतं याचा कोल्हापुरातून घेतलेला आढावा

२५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज वारले. वय अवघं वीस वर्षं. महाराजांना वेड लागलं आहे असं इंग्रज सरकारनं ठरवलं होतं आणि गादीपासून दूर, गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात त्यांना ठेवलं होतं. ग्रीन नावाच्या पहारेकऱ्याशी झटापट झाली आणि त्यातच महाराज गेले. त्याआधी दीड वर्ष, १८८२ च्या जुलैत, याच प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली होती. महाराजांचा छळ चालला आहे आणि त्यामागे संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी लिहिलं. ज्या पत्रांच्या आधारे लिहिलं ती बनावट निघाली, बर्व्यांनी बदनामीचा खटला जिंकला आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

हा प्रसंग आपण राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात वाचतो. मला तो आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. एका माणसाला शहाणा म्हणायचं की वेडा, हे त्याच्याच राज्यात त्याच्या माणसांच्या हाती राहिलं नव्हतं. दाखला देणारा डॉक्टर परका, दाखल्यावर विश्वास ठेवणारं सरकार परकं, आणि पहारा देणारा शिपाई इतका परका की कैदी एक छत्रपती आहे याचं त्याला काहीच वाटू नये. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याच हाती माणूस मोजायची पट्टी. पट्टी हाती आली की ती कुणीतरी कधीतरी बनवली आहे हेही लोक विसरून जातात.

अमेरिकेत १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक नवा ‘रोग’ शोधला. मालकाच्या घरातून पळून जावंसं वाटणं, हा काळ्या गुलामांना जडणारा मनाचा आजार आहे असं त्यानं लिहिलं आणि त्याला ‘ड्रेपटोमेनिया’ असं शास्त्रीय वाटणारं नाव दिलं. गुलामी ही रीत ठरली की सुटकेची ओढ हे दुखणं ठरतं. या लेखाचा सगळा विषय त्या एका शब्दात सामावला आहे. आपण ज्याला ‘रीत’, ‘वहिवाट’, ‘जगरहाटी’ म्हणतो ती कुणाला बाहेर ठेवून तयार झाली? ती बदलता येते का? आणि बदलली, तर कुठपर्यंत? या प्रश्नांना कोल्हापूरच्या दीडशे वर्षांइतकी भरघोस उत्तरं फार थोड्या गावांकडे असतील.

छत्रपतीही पायरीवरच

चौथ्या शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले. तेच शाहू महाराज. १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाला गेले असताना आपला पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आणून दिलं गेलं. कारण विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की शूद्रांसाठी हेच मंत्र असतात. राज्य करणारा राजा, आणि त्याच्याच दक्षिणेवर जगणारा पुरोहित त्याला त्याची पायरी सांगत होता.

पुरोहितानं हे महाराजांना हिणवण्यासाठी केलं असेलच असं नाही. त्याचा बाप आणि आजा हेच करत आले होते. त्याच्या दृष्टीनं तो नेहमीचं काम नेहमीसारखं करत होता. बहिष्काराची खरी ताकद इथे असते. त्याला दुष्ट माणसांची गरज लागत नाही. रोजचं काम चोख करणारी साधी माणसं त्याला पुरतात. वेदोक्ताचा वाद पुढे अनेक वर्षं चालला, टिळकांनी त्यात पुराणोक्ताच्या बाजूनं लिहिलं, राजपुरोहित राजोपाध्ये यांची वतनं गेली. शाहूंना त्या घाटावर मिळालेला धडा मात्र मंत्रांपुरता राहिला नाही. आपल्यालाच ही वागणूक मिळते तर आपल्या खालच्या पायऱ्यांवर काय होत असेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. अपमान झालेले बहुतेक लोक हा प्रश्न विचारत नाहीत. आपली पायरी एकानं वर सरकली की त्यांचं समाधान होतं. डॉ. आंबेडकरांनी पुढे ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं तिचं टिकाऊपण यातच आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी असतं, आणि पायाखाली कुणीतरी असल्यामुळे डोक्यावरचं ओझं सुसह्य होतं.

जे मोजलं नाही ते दिसलं नाही

१८९४ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या कारभारातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे फक्त १० होत्या. हे आकडे आज वाचताना धक्का बसतो. त्या काळी कचेरीत पाऊल टाकणाऱ्या माणसाला मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. लिहिणं-वाचणं एकाचं, शेती दुसऱ्याची, मेलेलं ढोर ओढणं तिसऱ्याचं, अशी कामांची वाटणी सूर्य उगवण्याइतकी स्वाभाविक मानली जायची. कुणाची अनुपस्थिती डोळ्यांना टोचली तरच ती अनुपस्थिती. नाहीतर ती नुसती भिंत.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू इंग्लंडला गेले असताना, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर दरबारचा हुकूम निघाला : यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे मागास, अशी त्या हुकमाची व्याख्या होती. दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, ९५ जागांपैकी ३५ वर ब्राह्मण होते. पिढ्यान्‌पिढ्या ‘गुणवत्ता’ म्हणून जे सांगितलं जात होतं त्यात संधीचा वाटा किती मोठा होता, हे एका दशकात उघड झालं.

वसतिगृहांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८९६ मध्ये शाहूंनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण प्रत्यक्षात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. कागदावर बंदी नसली तरी वागणुकीतून, स्वयंपाकघरातून, पंगतीतून बंदी चालूच राहिली. मग १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी जातवार वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकात उभं राहिलं की त्यांतल्या काही इमारती आजही दिसतात. खेड्यातून अनवाणी आलेल्या हजारो मुलांना त्यांनी शिकवलं. पण जातीची पाटी त्यांच्या दारावर राहिली, तीही दगडात. बाहेर ठेवलेल्यांना आत आणायला त्यांच्या बाहेरपणाचंच नाव वापरावं लागतं, हा पेच शाहूंच्या काळात सुटला नाही आणि आपल्या काळातही सुटलेला नाही. या पेचाकडे बोट दाखवून राखीव जागांनाच विरोध करणाऱ्यांनी १८९६ चं ते वसतिगृह आठवावं. नुसतं दार उघडं ठेवून काय होतं, याचा प्रयोग कोल्हापुरात करून झालेला आहे.

हजेरी

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. वंशाची कल्पना इथे सरळ कायद्यात उतरली. रक्तातच चोरी आहे, असं सरकार म्हणत होतं. भटक्या माणसाला ठाण्यात रोज हजेरी द्यावी लागे. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर, आणि संशय आहे म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पोटासाठी कधी खरोखर चोरी. पट्टी आधी आली आणि माणूस नंतर तिच्या मापाचा बनवला गेला. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर हजेरी होती. १९१८ मध्ये शाहूंनी ती बंद केली. ज्या फासेपारध्यांना पाहताच गाव दार लावून घेई, त्यांना त्यांनी राहायला जागा आणि पहाऱ्याचं काम दिलं. ज्याच्यापासून राखण करायची असं सगळे म्हणत होते, त्याच्याच हाती राखण सोपवली.

देशभर हा शिक्का पुसायला स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण कायदा गेला तरी संशय राहिला. आजही गावात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पालांकडे वळते, आणि त्या वळण्याचं कुणाला नवल वाटत नाही. बाहेरून इतकी वर्षं पाळत ठेवली गेली की काही समाजांनी आतूनच आपली कोंडवाड्यासारखी न्यायव्यवस्था उभी केली. जातपंचायती आल्या, वाळीत टाकणं आलं, कंजारभाट समाजातली नवऱ्या मुलीच्या कौमार्याची परीक्षा आली. त्या समाजातल्याच तरुण-तरुणींनी २०१८ च्या सुमारास या परीक्षेविरुद्ध जाहीर आवाज उठवला आणि त्याची किंमत मोजली. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ मध्ये अंमलात आला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. वाळीत टाकणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. ज्याला गाव ‘आमची रीत’ म्हणत होतं त्याला कायदा गुन्हा म्हणू लागला.

चहाच्या दुकानाआधीचे हुकूम

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात लहान मुलालाही ठाऊक आहे. सरकारी पागेत काम करणाऱ्या गंगारामांनी मराठ्यांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. शाहूंनी त्यांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागला. शाहूंच्या पश्चात गंगारामांनी पुढाकार घेऊन त्यांचं स्मारक उभारलं.

ही गोष्ट आपण इतक्या वेळा सांगतो की ती एका मोठ्या मनाच्या राजाची गोष्ट होऊन बसली आहे. चहा महत्त्वाचा होताच. पण त्याच्या आगेमागे उभी असलेली कागदपत्रं तितकीच महत्त्वाची आहेत. १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा. १९१८ मध्ये महार वतन खालसा, म्हणजे गावाची फुकट चाकरी करण्याच्या बंधनातून सुटका. कुलकर्णी वतनाऐवजी पगारी तलाठी. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या यांत शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्यानं राजीनामा द्यावा, असंही त्यांत होतं. आणि त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा निर्णय.

या हुकमांत एक शहाणपण दिसतं. शिवाशिव मनातून जावी म्हणून शाहू वाट पाहत बसले नाहीत. पाटील-तलाठ्याला जबाबदार धरलं, डॉक्टरला जबाबदार धरलं, मास्तरला जबाबदार धरलं. ज्या जागी बहिष्कार रोज नव्यानं घडत होता, नेमकी ती जागा पकडली. विहीर, बाक, खाट, कचेरीतली खुर्ची. दृष्टी बदलली की वागणं बदलतं असं आपण म्हणतो. शाहूंचे हुकूम उलट्या टोकाकडून निघतात : आधी वागणं बदला, शेजारी बसायची सवय लागू द्या, दृष्टी मागून येईल.

‘बहिष्कृत’ हा शब्द

मार्च १९२० मध्ये माणगावला, तेव्हाच्या कागल जहागिरीत, अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू महाराज तिथे गेले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे असं त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. दोनच महिन्यांपूर्वी, ३१ जानेवारीला, आंबेडकरांचं ‘मूकनायक’ सुरू झालं होतं, आणि त्याला शाहूंनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती.

त्या काळातली आंबेडकरांची शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’. ‘अस्पृश्य’ म्हटलं की दोष त्या माणसाच्या अंगाला चिकटतो, जणू त्याच्या कातडीतच काही आहे. ‘बहिष्कृत’ म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो : कुणी केलं बहिष्कृत? एक शब्द अवस्था सांगतो, दुसरा कृती सांगतो. आणि कृती म्हटली की करणारा आला, तारीख आली, हेतू आला. समाजशास्त्राची पानंच्या पानं जे सांगू पाहतात ते मराठीतल्या या एका शब्दानं शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

जात म्हणजे वंश नाही, हेही आंबेडकरांनी ठामपणे मांडलं. कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ रक्तात शोधलं नाही. जातीतच लग्न करण्याच्या बंधनात शोधलं. पण मूळ वेगळं असलं तरी वेदना ओळखीच्या असतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून दिलं. २००१ मध्ये डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा जातीचा प्रश्न तिथे घेऊ नये असा आग्रह भारत सरकारनं धरला, आणि दलित संघटनांनी तो घ्यावा म्हणून जोर लावला. शास्त्राच्या कसोटीवर जात आणि वंश वेगळे आहेत, हे सरकारचं म्हणणं खरं होतं. पण ज्याला माठाला हात लावू दिला जात नाही त्याला या वेगळेपणाचा दिलासा काय?

परका जवळ, जवळचा परका

माणूस दिसायला वेगळा असला की आपोआप दूर लोटला जातो, असं म्हणणारे आहेत. दख्खनचा इतिहास तसं सांगत नाही. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्यानं वसवलेल्या खडकीचंच पुढे औरंगाबाद झालं, आणि त्याची जमीनमोजणी लोकांच्या तोंडी राहिली. अलीकडचं उदाहरण तर कोल्हापूरच्या वेशीवरचं. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलंडमधल्या सुमारे पाच हजार लोकांना, त्यात बायका-मुलंच जास्त, वळिवडे इथल्या छावणीत आसरा मिळाला. १९४३ पासून १९४८ पर्यंत ते इथे राहिले. भाषा, धर्म, रंग, खाणं, सगळं वेगळं. तरी बाजारातल्या लोकांशी त्यांचे संबंध जुळले, आणि त्या छावणीत लहानाचे मोठे झालेले लोक म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर पाहायला आले.

मग त्याच वर्षांत, तीच भाषा बोलणारा, त्याच देवीला नवस बोलणारा, त्याच शिवारात राबणारा माणूस गावकुसाबाहेर का होता? त्याचं परकेपण त्याच्या रूपात नव्हतंच. ते त्याच्याकडून फुकट करून घेतलेल्या कामात होतं. पोलिश निर्वासिताला दूर ठेवून कुणाचा फायदा नव्हता. महारवाड्याला दूर ठेवण्यात साऱ्या गावाचा फायदा होता. बहिष्काराचं मूळ शोधायचं तर आधी हिशेबाची वही पाहावी.

रंगाचा तिरस्कार आपल्यात नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. विवाहमंडळाच्या कागदावर ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘सावळी’ असे रकाने आपणच आखले. विठोबाला सावळा म्हणून आळवणाऱ्या घरात सावळ्या मुलीच्या जन्मानंतर उसासा निघतो. गोरेपणाच्या सर्वांत खपाच्या मलमानं २०२० मध्ये आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ केला, पण डबी तीच राहिली. ईशान्य भारतातून पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या मुलांना रस्त्यावर ज्या नावांनी हाका मारल्या जातात, त्यांना वंशवाद याखेरीज दुसरा शब्द नाही.

बाईच्या अंगावर लिहिलेली रीत

रीत सर्वांत ठळक दिसते ती बाईच्या अंगावर. कुंकू आहे की नाही, हातात बांगड्या आहेत की नाही, पायात जोडवी आहेत की नाही, यावरून तिला समारंभात पुढे बोलवायचं की मागे बसवायचं हे ठरतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हा कित्ता गिरवण्याचं आवाहन सगळ्या ग्रामपंचायतींना केलं, आणि अनेक गावांनी तसे ठराव केले.

या ठरावामागे पोलीस नाहीत, दंड नाही. पण शोकाच्या घरात पाटा पुढे करून बांगड्या फोडायला सरसावणाऱ्या बाईला थांबवायचं धाडस एखाद्या तरुण पोरीनं केलं, तर तिच्या पाठीशी आता ग्रामसभा उभी आहे. ‘असंच असतं’ या वाक्याला ‘आपल्या गावात आता असं नसतं’ हे उत्तर तयार झालं. अर्थात विधवेचा प्रश्न कुंकवापाशी संपत नाही. शेताच्या उताऱ्यावर तिचं नाव लागतं का, हा पुढचा ठराव असायला हवा.

सीमाभागातली दुसरी गोष्ट जटेची. न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांचा गुंता होतो. गरीब घरातल्या मुलीच्या डोक्यात असा गुंता झाला की ‘यल्लम्मा आली’ म्हणत तिला देवाला सोडायचं, ही वहिवाट गडहिंग्लज ते सौंदत्ती या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली. देवदासींच्या वारशासंबंधी शाहूंनी १९२० मध्ये कायदा केला, सत्तरच्या दशकात गडहिंग्लज भागात देवदासींची चळवळ उभी राहिली, राज्यानं पुढे बंदीचा कायदा केला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही अशा बायकांची समजूत काढून कात्रीनं जट सोडवतात. वर्षानुवर्षांचं ओझं डोक्यावरून उतरलं की मान मोकळी होते, झोप लागते. जी गोष्ट देवीची खूण म्हणून पुजली तिचं औषध कंगवा आणि तेल होतं.

अंबाबाईच्या देवळातही रीत बदलते आहे, सावकाश. गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही यावर २०११ आणि २०१६ मध्ये संघर्ष झाला. २०१८ मध्ये पगारी पुजारी नेमण्याचा कायदा झाला, त्यानं पुजेचा वंशपरंपरागत हक्क हा प्रश्नाचा विषय बनवला. देवीला शतकानुशतकं हात जोडणाऱ्या बाईला तिच्या जवळ जायला इतका वेळ लागावा, याची खंत वाटते.

मागे फिरलेली पावलं

हा आढावा एकाच दिशेनं पुढे जाणाऱ्या प्रवासाचा असता तर किती बरं झालं असतं. ७ जून २०२३ रोजी, समाजमाध्यमांवरच्या काही मजकुरावरून, कोल्हापुरात दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरमध्ये मुस्लिम वस्तीतल्या घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. ज्या शाहूंनी मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, त्यांच्या जिल्ह्यात हे घडलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात बेडग गावी २०२३ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाची स्वागत कमान पाडली गेली, आणि तिथली दलित कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या वाटेला लागली. आणि कोल्हापूरनंच १६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ पाहिली आहे. आंतरजातीय विवाहांच्या पाठीशी उभे राहणारे आणि शिवरायांना सगळ्या रयतेचा राजा म्हणून मांडणारे कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर त्या सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले.

या घटनांहूनही मला त्यानंतरची शांतता घाबरवते. अमुक वस्तीत घर भाड्यानं मिळत नाही, अमुक दुकानातून घ्यायचं नाही, अमुक नावाचा माणूस कामावर नको, ही वाक्यं आता आवाज न चढवता बोलली जातात. नवी रीत अशीच जन्माला येते. आधी ती आरोळी असते, मग कुजबुज, आणि शेवटी सवय.

जुनी रीतही घरात टिकून आहे. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपण या ना त्या प्रकारे शिवाशिव पाळतो असं स्वतःहून कबूल केलं. जातीबाहेरची लग्नं सुमारे पाच टक्के होती. शाहूंनी आंतरजातीय विवाहाला कायद्याचं बळ दिलं त्याला तेव्हा नव्वदहून अधिक वर्षं झाली होती.

हुकूम कुठे थांबतो

इतकं सगळं एका रांगेत मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. जिथे हुकूम पोचला आणि तो राबवणारा माणूस जबाबदार धरला गेला, तिथे रीत बदलली, तीही बघता बघता. कचेरी बदलली, शाळेचा बाक बदलला, दवाखान्याची खाट बदलली, पाणवठा बऱ्याच अंशी बदलला. ‘लोकांची मनं अजून तयार नाहीत’ हे कारण त्या प्रत्येक वेळी पुढे केलं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते खोटं ठरलं. जिथे हुकूम पोचत नाही तिथे मात्र जुनं सगळं सुखरूप राहिलं. स्वयंपाकघर, देव्हारा, लग्नाची बोलणी, वेगळा ठेवलेला कप. चौक बदलला. उंबरा राहिला.

बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० पासून दोन पुतळे उभे आहेत, महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ते उभारले गेले तेव्हा बाबासाहेब हयात होते. ज्या माणसाला लहानपणी शाळेत पाण्याला हात लावू दिला नव्हता, त्याचा पुतळा त्याच्या हयातीतच शहराच्या ऐन चौकात उभा राहावा, ही त्या दिवशी केवढी अचाट गोष्ट असेल. आज त्या चौकातून भाजीच्या पिशव्या घेऊन, मुलांना शाळेत सोडायला, कामावर जायला हजारो माणसं जातात आणि कुणीही थबकून नवल करत नाही. अचाट गोष्ट रोजची झाली. असं रोजचं करून दाखवणं हेच कोल्हापूरच्या त्या पिढ्यांचं कर्तृत्व.

आपल्या पिढीच्या वाट्याला चौकातलं काम कमी आणि उंबऱ्याच्या आतलं काम जास्त आलं आहे. तिथे हुकूम काढायला शाहू महाराज येणार नाहीत, ग्रामपंचायतीचा ठरावही पोचणार नाही. घरी काम करायला येणाऱ्या मावशींचा चहा कोणत्या कपातून जातो, मुलीनं सांगितलेलं नाव ऐकून बापाचा चेहरा कसा होतो, हळदीकुंकवाला कुणाला बोलावणं जात नाही, एवढ्याच जागा उरल्या आहेत. पण शंभर वर्षांनी कोल्हापूरची रीत काय असेल, ते याच जागी ठरणार आहे.